पासिंगला आलेल्या गाडीखाली एकदा वाकून पाहा
(परिवहन आयुक्तांना खुलं पत्र)

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

पासिंगला आलेल्या गाडीचा ब्रेक आपल्याकडे तपासला जातो. त्या ब्रेकपर्यंत दाब नेणारा पाइप कोणी वाकून, टॉर्च मारून पाहिल्याचं मात्र माझ्या तरी पाहण्यात नाही. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर ही गोष्ट फार महागात पडू शकते. पत्र जाहीर लिहितो आहे, कारण यातलं निम्मं सांगणं गाडीमालकांना आणि गॅरेजवाल्यांनाही आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यात आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. हाताखालून गेलेल्या मुलांची आता स्वतःची गॅरेजेस आहेत आणि काही अडलं की ती अजून हाक मारतात. अशाच एका गॅरेजमध्ये मासळीची पिकअप आली होती, ब्रेकचे लायनर बदलायला. तक्रार काही नव्हती. ड्रायव्हर जाता जाता म्हणाला, “ब्रेक ऑइल जरा खातेय, पण मी टाकत असतो मधनंमधनं.” ब्रेक ऑइल काही इंजिन ऑइलसारखं जळत नाही. लायनर झिजले की डबीतली पातळी थोडी उतरते, ती तेवढीच. सारखं टाकावं लागत असेल तर ते कुठेतरी बाहेर पडतंय, याला दुसरा अर्थ नाही.

गाडी वर घेतली. मागच्या चाकांकडे जाणारा पाइप चॅसीच्या आतल्या अंगाने जातो. मासळीच्या क्रेटमधलं बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून नेमकं त्याच्यावर गळत असतं. मोकळ्या भागात पाइपाचं हिरवट कोटिंग बऱ्यापैकी शाबूत होतं. पण जिथे जिथे प्लास्टिकची क्लिप, तिथे तिथे पाइप सुजलेला. एक क्लिप उचकटली तर आत ओली रेती, माशाचे खवले आणि पापुद्रे सुटलेला गंज. पुढच्या क्लिपखाली गंजाचा रंगच वेगळा होता. तांबडा, कोरडा नाही. काळपट आणि तेलकट. तिथे नख लावलं तर ब्रेक ऑइल बोटाला आलं. पाइप काढून ती जागा पक्कडीत धरली, जरासा दाब दिला, तर ती कागदी नळीसारखी चेपली. याच पाइपाच्या भरवशावर ती गाडी रोज पहाटे जेटीवरून भरून निघत होती.

गाडीचं पासिंग त्याच वर्षातलं होतं आणि कागद खरा होता. पासिंगच्या दिवशी ब्रेक लागत होता म्हणून गाडी पास झाली. यात कोणी काही खोटं केलेलं नव्हतं, आणि मला नेमकी त्याचीच काळजी वाटते. कोणी लबाडी केली असेल तर तिला शिक्षा करता येते. इथे तर सगळं नियमाने झालं होतं.

टायरमध्ये आपण तीस-बत्तीस पीएसआय हवा भरतो. नाक्यावर हळूच थांबताना ब्रेकच्या पाइपात दोन-तीनशे पीएसआय दाब येतो. वळणावर अचानक गुरं आडवी आली आणि पाय कचकन मारला की तोच दाब हजार-दीड हजारावर जातो. म्हणून कुजलेला पाइप रोजच्या वापरात महिनोन्‌महिने तग धरतो आणि नेमका गरजेच्या क्षणी फुटतो. रोलरवर चाक फिरवून आपण त्या दिवशीचा ब्रेक मोजतो. पाइपाची भिंत किती उरली आहे, ते रोलरला कळायला मार्ग नाही.

यावर कोणी म्हणेल, हल्ली ब्रेकची यंत्रणा दोन वाटांची असते. खरं आहे. छोट्या मोटारींत बहुधा तिरपी वाटणी असते, पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी. पिकअपमध्ये पुढची दोन एका वाटेवर, मागची दोन दुसऱ्या. एक वाट फुटली तरी दुसरी चालते. पेडल मात्र खोल जातं आणि थांबायला लागणारं अंतर वाढतं. भरलेली गाडी घेऊन घाट उतरताना अर्धा ब्रेक म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलंय त्याला विचारावं. शिवाय दोन्ही वाटांचे पाइप एकाच दिवशी बसलेले असतात आणि एकाच खाऱ्या हवेत म्हातारे झालेले असतात. एक गेला म्हणजे दुसऱ्याचीही वेळ जवळ आलेली असते.

घाटावरच्या लोकांना वाटतं, कोकणात पाऊस फार म्हणून गाड्या गंजतात. पाऊस उलट मीठ धुऊन नेतो. खरा दोषी मीठ. ते हवेतली ओल ओढून घेतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण आपोआप विरघळतो आणि लोखंडावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसतो. किनाऱ्यावर रात्री-पहाटे आर्द्रता बहुतेक वेळा याच्या वरच असते. म्हणजे ढग नसला तरी गाडीचं पोट ओलं. यातूनच कळतं की गंज आधी कुठे शोधायचा : जिथे पावसाचं पाणी पोचत नाही तिथे. पेट्रोलच्या टाकीवरून जाणारा तुकडा, खालच्या प्लास्टिक कव्हराआडचा भाग, क्लिपच्या पोटात, मागच्या आखाजवळ जिथे पाइप रबरी होजला जोडला जातो ती पट्टी. पिकअपला मागे भार ओळखून दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या भोवतीचे युनियन नट, म्हणजे पाइपाच्या जोडाचे नट, तर गंजून एकजीव झालेले असतात.

मासळीच्या गाड्यांखालोखाल नंबर लागतो तो फेरीबोटींतून रोज ये-जा करणाऱ्या गाड्यांचा. दाभोळ, जयगड, दिघी इथल्या धक्क्यांवर लाटेचं पाणी थेट खालून लागतं. काशीद-दिवेआगरच्या वाळूत हौसेने गाडी घालून फोटो काढणारे पाहुणे दोन दिवसांत परत जातात, पण ती ओली वाळू पाइपाच्या क्लिपमध्ये बसून त्यांच्याबरोबर पुण्या-मुंबईला जाते.

हा पाइप असतो तरी कसा? बाहेरून जेमतेम पावणेपाच मिलिमीटर, म्हणजे तीन-सोळांश इंच. भिंत साधारण ०.७ मिलिमीटर. बहुतेक गाड्यांत तो पोलादाचा असतो, पण साधा नळ नव्हे. पोलादाच्या पातळ पट्टीवर तांब्याचा मुलामा देतात, ती पट्टी स्वतःभोवती पूर्ण दोन वेढे गुंडाळतात आणि भट्टीतून काढतात. तांबं १०८३ अंशांच्या आसपास वितळतं आणि दोन्ही थर एकमेकांना डसतात. डेट्रॉइटच्या हॅरी बंडी यांच्या कंपनीने १९२०च्या दशकात ही दुहेरी भिंतीची नळी रूढ केली, म्हणून जुने मेकॅनिक अजून तिला बंडी पाइप म्हणतात. कंपन सोसायला, दाब धरायला आणि फ्लेअर करायला, म्हणजे जोडासाठी टोक पसरवायला, हा पाइप उत्तम. त्याचा एकच दोष, तो लोखंडाच्या जातीचा आहे. म्हणून त्याच्यावर जस्ताचा किंवा जस्त-ॲल्युमिनियमचा थर देतात आणि चांगल्या गाड्यांत त्यावर नायलॉनसारख्या प्लास्टिकचं आणखी एक आवरण. हे आवरण आहे तोवर पाइप आहे. दगड लागला, क्लिप घासली, पाना निसटला की तिथून मीठ आत शिरतं. मग वरचं आवरण छान दिसत राहतं आणि आत गंज सरकत जातो.

पाइप कशाचा आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. लोहचुंबकाचा एक छोटा तुकडा खिशात ठेवावा. चुंबक धरला की पोलाद. प्लास्टिकच्या आवरणावरूनही धरतो. धरला नाही तर बिनधोक्याच्या जागी, कडेला, पात्याने जरा खरवडावं. आत नव्या तांब्याच्या भांड्याचा लालसर रंग दिसला तर शुद्ध तांबं. फिकट गुलाबी-रुपेरी झाक असेल, जुन्या पाइपात मातकट तपकिरी, तर तांबं-निकेलचा मिश्रधातू. पांढरा शुभ्र, पात्याला दाद न देणारा, वाकवायला ताठ असेल तर स्टेनलेस. स्टेनलेसला गंजाची भीती कमी, पण तो इतका कडक की फ्लेअर नीट बसत नाही आणि युनियनपाशी गळत राहतो. साध्या हत्यारांवर काम करणाऱ्या गॅरेजने त्याच्या वाटेला जाऊ नये.

चुंबकाआधी पातं वापरलं तर भलेभले फसतात. बंडी पाइपावरचं जस्त खरवडलं की खाली तांब्याचा मुलामा चमकतो. “हा तर तांब्याचा पाइप आहे, याला काय होतंय,” म्हणून गाडी खाली सोडलेली मी पाहिली आहे. तो मुलामा नावापुरता असतो, त्याच्याखाली लोखंडच. रंगावर भरवसा ठेवण्याआधी चुंबक लावा, हे मी मुलांना पहिल्या आठवड्यात सांगायचो.

आता तांब्याकडे येतो, कारण कोकणातला खरा उद्योग तिथे चालतो. पोलादी पाइप गंजला की कंपनीचा तयार पाइप मागवायला वेळ लागतो, आणि मागच्या बाजूचा लांब पाइप बसवायचा तर कधी टाकी उतरवावी लागते. त्यापेक्षा फ्रीज-एसीच्या दुकानातून त्याच मापाचा तांब्याचा पाइप फुटावर मिळतो, हाताने वाकतो, तासाभरात बसतो, आणि पुन्हा गंजत नाही. मालक खूश. हे मी सरसकट वेडेपणाचं म्हणणार नाही. तांब्याचे ब्रेक पाइप ब्रिटनमध्ये उघड विकले जातात आणि तिथल्या तपासणीत पासही होतात. पण ते ब्रेकसाठी म्हणून ठराविक जाडीच्या भिंतीचे बनवलेले असतात. एसीच्या चालू यंत्रणेत दाब चारशे पीएसआयच्या घरात असतो. इथे हजार-दीड हजार. त्या फुटावर घेतलेल्या पाइपाच्या भिंतीची जाडी किती, हे विकणारा सांगू शकत नाही आणि घेणारा विचारत नाही.

त्याहून मोठी अडचण म्हणजे तांबं कंपनाने थकतं. हलत राहिलं की आधी कडक होतं आणि मग तडकतं, बहुधा फ्लेअरच्या मागे, जिथे डोळा जात नाही. म्हणून तांब्याचा पाइप घालायचाच तर त्याला जवळजवळ क्लिपा हव्यात, फूटभरही मोकळा लोंबता कामा नये. प्रत्यक्षात काय दिसतं? जुन्या क्लिपा गंजून गेलेल्या, पाइप प्लास्टिकच्या टायने दोन ठिकाणी बांधलेला आणि मध्ये झोका घेणारा. टोकाला एसीवाल्याचा एकेरी फ्लेअर. ब्रेकच्या पाइपाला गाडीप्रमाणे दुहेरी घडीचा किंवा गोल बुडबुड्यासारखा फ्लेअर लागतो. एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही, बसवला तर आज गळत नाही पण उद्याचं सांगता येत नाही. त्याचं हत्यार काही हजारांत मिळतं. अनेक गॅरेजेसकडे ते नाही.

या सगळ्यावर उत्तर आहे आणि ते नवीन नाही. तांब्यात सुमारे १० टक्के निकेल आणि थोडं लोखंड मिसळलेला मिश्रधातू जहाजांत समुद्राचं पाणी वाहून नेणाऱ्या नळांना वापरतात. खाऱ्या पाण्यात मुरलेला धातू. स्वीडनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, तिथल्या गाड्यांचे पाइप आपल्यासारखेच कुजायचे. व्होल्वो कंपनीने १९७६ पासून आपल्या गाड्यांना या तांबं-निकेलचे ब्रेक पाइप बसवायला सुरुवात केली. पुढे युरोपातल्या आणखी काही कंपन्यांनी तोच मार्ग धरला. हा पाइप हाताने वाकतो, फ्लेअर छान घेतो, शुद्ध तांब्यापेक्षा कितीतरी बळकट असतो. आपल्याकडची जुनी, जाड पाच रुपयांची नाणी याच कुळातली आहेत. त्यांत निकेल २५ टक्के असल्यामुळे ती जास्त पांढरी दिसतात. नाणी पाडायला जो धातू आपल्या सरकारने वर्षानुवर्षं वापरला, तो कोकणातल्या गॅरेजवाल्याला ब्रेकच्या पाइपासाठी शोधत फिरावं लागावं, हे मला पटत नाही. कंपन्यांनी किनारपट्टीच्या डीलरांकडे सुटे पाइप या धातूचे ठेवायला काय हरकत आहे? महाग पडतील, पण पाइप दर चार-पाच वर्षांनी बदलण्यापेक्षा नाही.

तपासणीचं म्हणाल तर चाक नव्याने शोधायला नको. ब्रिटनमध्ये साधारणपणे ३ वर्षांवरच्या मोटारीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. तिच्या नियमपुस्तिकेत लिहिलं आहे : गंजाने, घासून किंवा मार लागून धातूच्या ब्रेक पाइपाची भिंत सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली असेल, म्हणजे नेहमीच्या पाइपात पाव मिलिमीटर, तर गाडी नापास. शंका आली तर निरीक्षकाने वरचा गंज हलकेच खरवडून पाहायचा. आणि पाइप मध्येच कापून सुट्या फेरूलच्या, म्हणजे आवळायच्या कड्याच्या, जोडाने सांधला असेल तर तोही मान्य नाही. एवढंच. तीन वाक्यांचा नियम आहे. आपल्याकडे मात्र कापून मध्ये नळकाम्याचा सांधा घातलेले ब्रेक पाइप मी डोळ्यांनी पाहिले आहेत, आणि त्या गाड्यांना पासिंग होतं.

अमेरिकेचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण ते कंपन्यांच्या बाजूचं आहे. जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ या काळातल्या सुमारे ५० लाख पिकअप आणि एसयूव्हींचे ब्रेक पाइप गंजून फुटल्याच्या तक्रारींवर तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१० मध्ये चौकशी सुरू केली. पाच वर्षांनी, २०१५ मध्ये, ती बंद झाली. गाड्या परत बोलावल्या गेल्या नाहीत. निष्कर्ष असा की हा बनावटीतला दोष म्हणता येणार नाही, रस्त्यावरच्या मिठाने जुन्या गाड्यांचं होतं तेच झालं. मालकांना सल्ला दिला गेला : गाडी खालून धूत जा, पाइप तपासून घ्या, पापुद्रे सुटलेले दिसले तर एखादा तुकडा न बदलता सगळाच संच बदला. हा निकाल अनेकांना आवडला नव्हता, मलाही पुरता पटत नाही. पण त्यातून एक गोष्ट उरते. कंपनी हात वर करणार असेल आणि मालकाला खालचं दिसत नसेल, तर मधे तपासणारा कोणीतरी हवा. आपल्या राज्यात तो कोणीतरी म्हणजे आपलं खातं.

मालकांना चार शब्द. गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः पावसाळा संपल्यावर. पावसात मीठ आपोआप धुतलं जातं. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ते साठत जातं. धुताना पाणी कुठलं ते विचारा. किनाऱ्याला लागून असलेल्या वॉशिंग सेंटरच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. पैसे देऊन गाडीला खालून मीठ लावून घेणारे लोक मला दरवर्षी भेटतात. पाणी जिभेवर ठेवून पाहा, लाज कसली.

जून आला की गॅरेजमध्ये जळकं ऑइल आणि डिझेल एकत्र करून खालून फवारायची पद्धत आहे. लोखंडाला ते चार दिवस वाचवतं, पण त्याच फवाऱ्यात ब्रेकच्या रबरी होज भिजतात. त्यांचं रबर ग्लायकोलच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं असतं. पेट्रोलियमच्या तेलाने ते फुगतं आणि मऊ पडतं. आणि लायनरवर तो फवारा उडाला तर वेगळं सांगायला नको. शोरूममध्ये नव्या गाडीला मारतात ते काळं रबरी कोटिंग पत्र्याला चांगलं. पण जुन्या गाडीच्या पाइपावर, गंज न काढता, ओल न सुकवता मारलं तर गंजावर झाकण बसतं आणि पुढच्या माणसाला काहीच दिसत नाही. पाइपासाठी मेणासारखं पातळ संरक्षक पुरे, तेही तारेच्या ब्रशऐवजी पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ करून. तारेचा ब्रश उरलंसुरलं जस्तही काढून टाकतो.

ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी बदला. ते हवेतली ओल पितं. डॉट ३ जातीचं ऑइल नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल प्यायल्यावर ही मर्यादा १४०वर येऊ शकते. शिवाय ती ओल पाइपाला आणि सिलिंडरला आतून खाते. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग आणि कोटिंग उतरवण्यात ते पटाईत आहे. आणि जुनी गाडी विकत घेताना, आजोळच्या ओढीने मुंबईहून येऊन घेत असाल तर नक्कीच, मोबाइलचा कॅमेरा गाडीखाली घालून मागच्या चाकापर्यंत पाइपाचा व्हिडिओ काढा. सीट कव्हर नंतर पाहता येईल. एप्रिल २०१९ पासूनच्या मोटारींत एबीएस सक्तीचं असल्यामुळे पाइप जास्त असतात. तेवढे सगळे पाहावे लागतात.

महोदय, आता आपल्याकडे. मालवाहू आणि प्रवासी गाड्या निदान पासिंगला येतात : ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी, मग दरवर्षी. खासगी मोटारीची नोंदणी मात्र १५ वर्षांची, आणि तोवर तिच्या पोटाखाली सरकारतर्फे कोणीही पाहत नाही. देवगडच्या किनाऱ्यावर १५ वर्षं उभी राहिलेली गाडी आणि जालन्यात १५ वर्षं उभी राहिलेली गाडी कायद्याला सारखीच दिसते. हे आपल्या हातात नाही, नियम दिल्लीचे आहेत, हे मला ठाऊक आहे. पण किनारी जिल्ह्यांच्या वेगळ्या गरजेबद्दल दिल्लीला लिहिणं आपल्या हातात आहे. मोटार वाहन निरीक्षकांना काय पाहायला सांगायचं, हे आपल्या हातात आहे. स्वयंचलित तपासणी केंद्रं आता खासगी चालकांकडे जात आहेत. तिथल्या माणसाने रोलरच्या आकड्यावर थांबायचं की खड्ड्यात उतरून पाइप टोकापासून टोकापर्यंत पाहायचा, यावर लक्ष ठेवणं हेही आपल्याच हातात आहे.

वेळ नाही, असं उत्तर येईल. दिवसाला किती गाड्या येतात ते मीही पाहिलं आहे. पण एका पिकअपचा पाइप टॉर्च आणि बोथट पात्याने पाहायला पाच मिनिटं पुरतात. चिखल धुऊन गाडी आणायची जबाबदारी मालकावर टाका. किनारपट्टीच्या सात जिल्ह्यांपुरतं सुरू करा. तपासणीच्या कागदावर एक ओळ घाला : ब्रेक पाइप कशाचा, गंज किती, मध्ये सांधा आहे का. फेरूलचा सांधा आणि लोंबता पाइप दिसला तर गाडी परत पाठवा. मासळीच्या गाड्यांना हौद्याखाली पन्हळ आणि पाणी साठवायची टाकी सक्तीची करा. त्यांचं पाणी सांडून रस्ते निसरडे होतात ही तक्रार तर आपल्याकडे आधीपासूनच येते, एका कामात दोन्ही होतील. आणि आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडला ब्रेक पाइप फ्लेअर करायचं चांगलं हत्यार आणि तांबं-निकेलचं एक वेटोळं मिळावं म्हणून कौशल्य विकास विभागाला एक पत्र लिहा. ज्याला चांगलं काम करायला शिकवलेलंच नाही, त्याला दंड करून काही साधणार नाही.

मुहूर्तही सुचवतो. साधारणपणे १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद असते. मासळीच्या बहुतेक गाड्या त्या दोन महिन्यांत जेटीच्या बाजूला आणि घरांच्या अंगणात उभ्या असतात, ड्रायव्हरही मोकळे असतात. येत्या बंदीत हर्णै, मिरकरवाडा, मालवण, अलिबाग अशा बंदरांवर आपली माणसं एकेक दिवस पाठवा आणि ब्रेक पाइपाची मोफत तपासणी ठेवा. आमच्या भागातल्या गॅरेजच्या मुलांना मी आणतो. टॉर्च, पाने आणि लोहचुंबक आमचे.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (मोटर मेकॅनिक),
रत्नागिरी जिल्हा